अर्जुनरावांचं हिरवं शेत

त्या भादव्यात पिंपळगाव राजाच्या शिवारात नाकतोड्यांनी ज्वारीचं पान म्हणून ठेवलं नव्हतं. एकट्या अर्जुनरावांचं शेत तेवढं हिरवंगार उभं होतं. त्यांनी रानात काहीतरी विषारी टाकलंय, आता विहिरीही नासणार, असं गावभर झालं. तेव्हा नागपूरच्या शेतकी खात्याने महादेवरावांना तपासाला धाडलं. दुपारी गाडीवान शेषरावला रस्त्यावर थांबवून ते बांध ओलांडून आत शिरले. विषाची खात्री त्यांनाही होतीच.

आत नाकतोडे होते. पानापानाला चिकटलेले, पण खात नव्हते, उड्या मारत नव्हते. महादेवरावांनी एकाला काडीने डिवचलं. त्याने पंख उघडले मात्र, बांधावरून एक करडी माशी सुटली, हवेतच त्याला धडकून परत जागेवर बसली. नाकतोडा मुकाट खाली उतरला आणि पंख मिटून बसला. शेजारचा एक मेलेला त्यांनी उचलून चिरला. पोटात नुसत्या पांढऱ्या अळ्या.

त्यांना हायसं वाटलं. जित्या नाकतोड्यात अळी सोडणारी माशी त्यांना ठाऊक होती. विष नव्हतंच. पण मग बांधापलीकडच्या उघड्या बोडक्या रानात ती का जात नव्हती?

"राम राम, साहेब."

मागे अर्जुनराव उभे होते. हात जोडले नव्हते. दोन्ही अंगाशी घट्ट धरलेले.

"काय लपवताय, अर्जुनराव?"

"हात खाली ठेवा तेवढे. अन् हळू चाला."

खोपीपुढे बाजेवर त्यांचा धाकटा भाऊ शालिग्राम बसला होता. तोंड उन्हाकडे, डोळे उघडे, हात बाजूला चिकटलेले. अर्जुनरावांची बायको झुंबरबाई त्याला पाणी पाजत होती. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं.

"पोयाच्या दिवशी, बैलं सजवून झाल्यावर, यानं धोतर फडकावून नाकतोडे हाकलले," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन्ही हात वर केले व्हते. तवापासून असाच बसून हाये."

"डॉक्टरला दाखवलं नाही?"

"गावाले समजलं त शेत पेटवतीन, साहेब. अन् यालेबी."

महादेवरावांनी नाडी पाहिली. ठीक चालली होती. मग त्यांनी त्याचा हात जरा उचलून पाहिला. ज्वारीच्या वाळल्या धांड्यासारखा हलका. त्यांनी तो लगेच सोडला.

निरोपही न घेता ते निघाले. हात अंगाशी धरून. स्वतःचीच लाज वाटत होती, तरी हात सुटेनात.

बांधालगत रस्त्यावर शेषरावने बैल जुंपले होते.

"साहेब! या लौकर!" दोन्ही हात उंच करून तो ओरडला.

महादेवरावांनी जोरजोरात मान हलवली; हात उचलायची हिंमत झाली नाही.

बांधावरचं गवत गुणगुणलं. एक करडी माशी सुटली, शेषरावला धडकून परत जागेवर बसली.

शेषराव बोलता बोलता थांबला. त्याचे हात सावकाश खाली आले. चाकाला पाठ लावून तो खाली बसला आणि त्याने तोंड उन्हाकडे केलं.