लोकरीचं कव्हर

त्या सुमाराला इचलकरंजीत दर दोन-तीन गल्ल्यांआड एक तरी वाचापेटी दिसू लागली होती. अर्धांगवायूच्या झटक्यात मेंदूचा बोलण्याचा भाग गेला, की माणसाच्या कानामागे चकती बसवत आणि कमरेला जेवणाच्या डब्याएवढी पेटी बांधत. विचार माणसाचाच, त्याचे शब्द करून आवाज द्यायचं काम पेटीतला प्रोसेसर करी.

हेमलता मगदूम सासऱ्यांना, अण्णांना, सोबत घेऊन त्यांची पेटी परत करायला पेटीच्या दुकानात आली होती. दोन वर्षांत अण्णांचं बोलणं मंदावत मंदावत बंदच पडलं होतं. डोकं गेलं, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. सोमवारी त्यांना मिरजेच्या वृद्धाश्रमात सोडायचं होतं. जागा धरली होती. तिथं न बोलणाऱ्यांना पेटी लागत नाही.

"घेण्याआधी तपासावी लागते, काकू," काउंटरवरची रुखसार मुजावर म्हणाली. अण्णांच्या कमरेची पेटी तिनं सोडवून टेबलावर ठेवली आणि दोन बोटांनी तिच्यावरचं कव्हर उचललं. "हे काय?"

"धूळ बसू नये म्हणून. मिक्सरला आहे, टीव्हीला आहे. यांच्या पेटीला मात्र चांगलं दुहेरी लोकरीचं केलं." हेमलताच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो पुढे बरेच दिवस तिला आठवायचा होता.

"पेटीला श्वास घ्यायला भोकं होती, काकू. तुम्ही ती विणून टाकलीत."

रुखसारनं पेटी तपासणीच्या यंत्राला जोडली. पडद्यावर आकडा आला : शहाण्णव अंश. तिनं पेटी बंद करून उघडली. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा बसवलेला होता. तो काढताच मधल्या लेपाचे पांढरे पोपडे टेबलावर पडले.

"ही थर्मल पेस्ट. सुकून गेलीय."

"एवढ्याशा मलमानं काय होतंय?"

"थालीपिठाखाली हवा राहिली तर?"

"तेवढं कच्चं राहतं."

"तसंच. हे दोन्ही धातू दिसायला गुळगुळीत, पण बारीक खड्डे असतात. त्यात हवा राहिली की उष्णता पलीकडं जात नाही. पेस्ट ते खड्डे भरते. ती सुकली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणच मंद होतो."

तिनं स्पिरिटनं पोपडे पुसले, मटाराएवढी नवी पेस्ट ठेवली आणि ठोकळा बसवून एक स्क्रू पिळू लागली. अण्णांनी हात पुढे केला. बोटानं दाखवलं : आधी हा, मग त्याच्या तिरकस समोरचा.

"आजोबांना कळतंय की," रुखसार हसली. "एका बाजूनं आवळलं तर दाब सारखा बसत नाही."

"जॉबर होते. चाळीस वर्षं माग दुरुस्त केले," हेमलता म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. "म्हणजे... यांना सगळं समजत होतं?"

"समजायला काय झालंय? उत्तर तयार असायचं. शब्द व्हायला मिनिट-मिनिट लागत असणार. तेवढ्यात कोणी बोललं, की पेटी थांबते. दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, अशी रीतच घालून दिलीय तिला."

अण्णा "ग..." म्हणायचे आणि हेमलता वाक्य पुरं करायची, "गरम पाणी? आत्ताच दिलं ना, अण्णा." दोन वर्षं.

"मग त्या उत्तरांचं काय होतं?"

"आत राहतात. पेटी गार झाली, की माणसाला अजून म्हणायचं असेल ते ओळीनं बाहेर येतं."

पेटी सुरू झाली. एकेचाळीस अंश. अण्णांचा जुना, खणखणीत आवाज आला.

"रंग छान आहे, हेमा. लोकर मऊ आहे."

थोडं थांबून, "गरम होतंय. कव्हर काढ."

"मीठ बरोबर आहे."

हे गेल्या गणपतीतलं. हेमलता मनात पुढचे प्रश्न आठवू लागली. दिवाळीच्या साफसफाईत, कामानं कंबर मोडलेली असताना, ती त्यांच्या तोंडावर म्हणाली होती, "तुम्ही कधी सुटणार, अण्णा, आणि आम्ही तरी कधी?" मग लाज वाटून पंखा लावू का, असंही विचारलं होतं.

"नको, चहा झाला सकाळी," अण्णा म्हणाले.

हा साफसफाईच्या सकाळचाच चहा. यानंतर तेच.

"हे थांबवता येतं का गं?" ती रुखसारच्या कानाशी पुटपुटली.

"तुम्ही मोठ्यानं काहीही बोला, थांबेल," रुखसारनंही तसंच पुटपुटत, सहज सांगितलं.

एवढं सोपं होतं ते. ती रोज तेच तर करत आली होती. हेमलतानं ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

अण्णा गप्प होते. तिनं पडद्याकडं पाहिलं. आकडा एकेचाळीसच होता. प्रोसेसर थंड होता. ही वेळ पेटी घेत नव्हती.

मग ते तिच्याकडं बघत हळू म्हणाले, "हां, लाव पंखा. पण बारीक ठेव."