साखळीची किसणी

"ही आत जाणार नाही."

"अहो, किसणी आहे ती!"

"धारदार वस्तू आहे."

घ्या! तुरुंगात पाऊल टाकतेय न टाकतेय, तोच हा उंच, गंभीर तुरुंगाधिकारी आडवा आला. कैद्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय, म्हणून पोषक जेवण आखायला आहारतज्ज्ञ म्हणून हिला बोलावलेलं, आणि अधीक्षकांनी आधीच बजावलेलं — आठवडाभर बघू. अन्न वाया गेलं, तर जुनंच जेवण चालू.

किसणी फाटकावरच राहिली. कोबी-गाजर कच्चंच द्यायचं होतं, शिजवलं की सत्त्व जातं. शेवटी मोठ्या फोडी गेल्या, आणि खरकट्याच्या बादलीतून तशाच परत आल्या.

जेवण वाढण्याआधी अधिकाऱ्याने चव घ्यायची, असा नियम. तो रोज चमचाभर खायचा, तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बरं आहे." ते बघणं तिला आवडायचं... म्हणून तर जास्तच राग यायचा.

चौथ्या दिवशी ती कंबर कसून उभी राहिली. "चमच्याने काय कळणार, कपाळ? चला, म्हाताऱ्यांच्या बराकीत ताट घेऊन बसा. मीही बसते."

शेजारच्या आजोबांनी गाजराची फोड चघळली, चघळली... आणि हळूच कडेला ठेवली. "पोरी, चांगलंच असेल गं. पण माझ्या तोंडात दातांचा दुष्काळ!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीवनसत्त्वं मोजली, दात नाही मोजले. "चुकलं माझं."

"माझंही," तो म्हणाला. "रोज 'बरं आहे' म्हणत होतो."

दुसऱ्या दिवशी भटारखान्यात, सुऱ्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच ओट्याला साखळीने बांधलेली किसणी!

"आणि नियम?"

"माझ्या जबाबदारीवर परवानगी काढली."

"काही झालं तर नोकरी जाईल तुमची!"

"मग तुम्ही जेवू घाला."

ती खाली मान घालून किसत सुटली. हसू काही लपेना.

आठवडा संपला. अधीक्षकांनी बादलीत डोकावून पाहिलं. तळाशी जेमतेम चिमूटभर. "चालू ठेवा," म्हणून ते गेले. तिचे डोळेच भरून आले.

त्याने चव घेतली.

"बरं आहे?" तिने चिडवलं.

"नाही. म्हणजे... मला तुम्ही आवडता. फार." तो अडखळला. "इथे मनाविरुद्ध राहणारे पुष्कळ आहेत. तुम्ही... आपणहून राहाल? माझ्याबरोबर?"

तिने त्याच्या हातातला चमचा काढून घेतला. "चमचाभर चाखणाऱ्याला मी हो म्हणत नाही. पूर्ण ताट जेवा आधी."

तो मुकाट्याने ताट घेऊन बसला. ती आपलं ताट घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली — आपणहून.