तीनच्या खेळाला दिसलेली बाई

शुक्रवार, ५ डिसेंबर १९५८. संध्याकाळचे पाच वाजून पन्नास मिनिटं.

पनवेलच्या बाजाराच्या टोकाला असलेल्या पत्र्याच्या थेटरात बायकांचा तीनचा खेळ सुटला. एकशे साठ बायका बाहेर आल्या.

एकही बोलत नव्हती.

ही घडलेली गोष्ट आहे. तारखा आणि वेळा एका वहीतून घेतल्या आहेत. ती वही बळीराम घरतची. तो मुंबईच्या एका दैनिकाचा पनवेलचा वार्ताहर होता आणि काहीही टिपताना आधी घड्याळ बघायचा. त्या दिवशीची नोंद अशी आहे: "५.५०. खेळ सुटला. फक्त चपलांचा आवाज."

एरवी बायकांचा खेळ सुटला की समोरच्या हॉटेलातल्या माणसाला गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू यायचं नाही. पदर खोचून, पोरं कडेवर मारून, चित्रातल्या सासूला शिव्या घालत बायका घरोघर पांगायच्या.

त्या दिवशी मात्र...

शांतता.

बळीराम दारात वही घेऊन उभा होता, कारण मॅनेजर काशीरामने त्याला तसं सांगितलं होतं. "बायका काय म्हणतात ते लिहून घ्या. अभिप्राय छापले की गर्दी दुप्पट होते."

चित्र सुडाचं होतं. एका श्रीमंत माणसाने एका मुलीचा जीव घेतलेला असतो. तिची बहीण त्याच्याच घरात मोलकरीण म्हणून राहते. ती त्याला मारत नाही, काही बोलतही नाही. रोज त्या मेलेल्या मुलीची एक वस्तू घरात ठेवते. कंगवा. बांगडी. तो माणूस हळूहळू खचत जातो. मुंबईत लोक अर्ध्यातून उठून गेले होते म्हणे.

बळीरामने पहिली थांबवली ती रंभाला. करंजाड्याहून बाजारात भाजी घेऊन येणारी, तोंडाने फटकळ बाई.

"काय रंभा, कसं वाटलं चित्र?"

"लिव दादूस. वाईट वाटलं म्हून लिव."

"मोलकरणीचं?"

"ती कशाला? ती लय पोचलेली हाय. मी त्या दुसरीचं बोलतंय. वट्यावर बसली व्हती ती."

"ओट्यावर कोण बसतं चित्रात?"

"तूच बग जा. काळी बारीक बाई. मांडीवर सदरा घडी करून ठेवलेला. पाठीवर फाटलेला. काय बोलत नाय, नुसती दाराकडं बगतंय."

बळीरामचं पेन थांबलं.

बळीरामच्या शेजारच्या घरातली मालू मागून आली. नवरा दवाखान्यात कंपाउंडर, बाई शिकलेली. तिनेही तेच सांगितलं. ओटा, बाई, फाटका सदरा.

"आणि भाऊ, गंमत म्हणजे," मालू म्हणाली, "ओटा अगदी तुमच्या ओट्यासारखा होता."

त्याच संध्याकाळी तो पुरुषांच्या खेळाला जाऊन बसला. हातात घड्याळ. चित्र पूर्ण पाहिलं. त्यात ओटा नव्हता. सदरा नव्हता. ती बाई कुठेच नव्हती.

खेळानंतर तो वर मशीनच्या खोलीत गेला. ऑपरेटर विठू रिळं डब्यात भरत होता.

"विठू, ओट्यावर बसलेली बाई कुठल्या रिळात आहे?"

"कुठल्याच नाय. का?"

"बायका म्हणतात, मोलकरीण बांगडी ठेवते त्यानंतर येते."

विठू हसला. "बांगडीवर बारावं रीळ संपतं. रीळ संपलं की मी मशीन बंद करतो. आपल्याकडं एकच मशीन हाय. तेरावं चढवायला दीड मिनिट जातं. तवा पडद्यावर काळोख असतो. पुरुष शिट्ट्या मारत्यात, बायका पोरांना दटावत्यात. दिवाच बंद, तर दिसंल काय? आणि कशानं?"

बळीराम खाली उतरला.

शनिवारी तीनच्या खेळाला गर्दी वाढली. सुटल्यावर पुन्हा तेच. फक्त चपलांचा आवाज.

आज बळीरामने वही उघडली नाही. रंभाच त्याच्याकडे आली. ती पुन्हा खेळाला आली होती.

"आज पुढचं दाखवलं."

"काय?"

"घरातून माणूस आला. तिला पाणी दिलं तांब्यातून. तिनं सदरा दाखवला. तो बोलला, उद्या ये."

मालूची जाऊ म्हणाली, "पाणी दिलं ना, तेव्हा मला वाटलं, हा हिला वाचवणार."

"आणि मग?" बळीरामने विचारलं.

"ती गेली," रंभा म्हणाली. "आणि त्यानं चपला घातल्या. निघाला. एक मोठं घर, लोखंडी फाटक, फाटकाला घंटा. त्यानं ती वाजवली."

लोखंडी फाटक. फाटकाला घंटा.

त्या फाटकाशी बळीराम गेला होता हे पनवेलात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः. दुसरा त्या घराचा मालक, आणि तो दोन वर्षांपूर्वी वारला होता.

"रंभा... त्या माणसाचं तोंड कसं होतं?"

"तोंड नाय दिसलं. पाठमोरा हाय." रंभाने पाटी डोक्यावर घेतली. "पन आता वळत व्हता बग. उद्या दिसंल."

उद्या रविवार. उद्याचं तिकीट बळीरामच्या बायकोने, शांतीने, मालूबरोबर काढून ठेवलं होतं.

आता १९५४ साली काय घडलं होतं ते सांगायला हवं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, सहा वाजून वीस मिनिटांनी, एक कातकरी बाई बळीरामच्या ओट्यावर येऊन बसली. शांती माहेरी गेली होती. बाई करंजाड्याकडच्या एका वीटभट्टीवर कामाला होती. भट्टीच्या मालकाने तिच्या नवऱ्याला खांबाला बांधून मारलं होतं. तो तिसऱ्या दिवशी मेला. 'ताप आला' म्हणून परस्पर पुरला. तिच्याकडे पुरावा म्हणून त्याचा सदरा होता.

"पेपरात लिवा," ती म्हणाली. "पेपरात आलं तर साहेब येतील."

बळीरामने तिला पाणी दिलं. तिचं सगळं ऐकलं. नाव लिहून घेतलं. आणि म्हणाला, "उद्या ये."

एकाच बाजूची बातमी पाठवायची नाही, हा त्याच्या कामाचा नियम होता. वरून घालून दिलेला, आणि त्याला मनापासून पटलेला. म्हणून तो त्याच संध्याकाळी मालकाची बाजू विचारायला गेला. मालकाने खुर्ची दिली, चहा दिला. मग सहज विचारलं, "कोण बाई म्हणालात?"

बळीरामने नाव सांगितलं.

सकाळी ती भट्टीजवळच्या डबक्यात सापडली. बळीरामने तीन ओळींची बातमी पाठवली. पाय घसरून पडल्याने एका कातकरी मजूर स्त्रीचा मृत्यू. पंचनाम्यात तेच होतं. बातमीतला एकही शब्द आपण मनाने घातला नाही, असं तो जवळजवळ पाच वर्षं स्वतःला सांगत आला होता.

शांतीला त्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

शनिवारी जेवताना तो म्हणाला, "उद्या जाऊ नकोस."

"का हो? मालूचा नवरा काही बोलला नाही, आणि तुम्ही का अडवताय?"

"चित्र चांगलं नाही."

"अगंबाई! पेपरात तर तुम्हीच चांगलं म्हणून लिहिणार ना?" ती हसली. "भात वाढू?"

सांगून टाकावं. आत्ता. आपल्या तोंडाने. त्याने तोंड उघडलं.

"थोडा वाढ," तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो काशीरामकडे गेला. बायकांचा खेळ रद्द करा म्हणाला. काशीरामने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. मग तो विठूकडे गेला.

"बारावं रीळ संपलं की आतले दिवे लाव. दीड मिनिट. एवढंच कर."

"मॅनेजर वरडंल."

"मी बघतो मॅनेजरकडे."

विठूने होकारार्थी मान हलवली.

दिवे लागले म्हणजे पडद्यावर काही दिसणार नाही. बळीरामचा हिशोब साधा होता.

पाच वाजता तो बायकांच्या दाराशी येऊन उभा राहिला. दाराला काळा पडदा, पडद्याशी स्टुलावर डोअरकीपर जनी. म्हातारी, पण नजर तीक्ष्ण.

पाच वाजून चार मिनिटं. मशीनची घरघर थांबली.

पत्र्याच्या फटींतून पिवळा उजेड बाहेर आला. विठूने शब्द पाळला होता. बळीरामने श्वास सोडला.

आता आतून गलका यायला हवा होता. पोरं रडायला हवी होती.

काहीच आवाज नव्हता...

मग बाकं करकरली. एकदम. सगळी.

जनीने पडदा बाजूला करून आत पाहिलं. लगेच सोडून दिला.

"दादा, तुमी जरा बाजूला व्हा."

"का, मावशी? काय झालं?"

"सगळ्या मागं वळल्यात. दाराकडं बगत्यात."

"आणि पडद्यावर?"

"पडदा पांढरा हाय. तिकडं कोणबी बगत नाय." तिचा आवाज खाली गेला. "पोरंबी इकडंच बगत्यात, दादा. तान्ही पोरं."

मधे एक काळा पडदा. पलीकडे दोनशेच्या वर तोंडं. तो घड्याळाकडे बघत राहिला. नव्वद सेकंद. शंभर. एकशे दहा.

घरघर पुन्हा सुरू झाली. उजेड गेला.

त्या दिवशी खेळ सुटला तेव्हा मात्र केवढा कलकलाट! बायका हसत होत्या, भांडत होत्या, पोरांना हाका मारत होत्या. रंभा तावातावाने आली.

"दिवं कुणी लावलं रं? आज वट्यावरची बाई दाखवलीच नाय. पैसे परत द्या म्हनावं!"

"मग मागे वळून काय बघत होतात सगळ्या?"

"कोण? आमी?" रंभाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "आमी कशाला मागं बगू? मागं काय हाय?"

आणखी दोघींना विचारलं. कुणालाच काही आठवत नव्हतं.

बळीरामच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाचलो. त्याला चक्क हसू आलं.

सगळ्यांच्या शेवटी शांती बाहेर आली.

ती शेजारून चालायला लागली. घर सात मिनिटांवर होतं. सात मिनिटं तिच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता.

घराशी पोहोचल्यावर तो ओटा चढून सरळ आत गेला. दारातून वळून बघितलं, तर...

शांती ओट्यावर थांबली होती. तिने साडीच्या निऱ्या अंगाशी आवळून धरल्या आणि भिंतीला घासून, अगदी कडेने, तिरकी होऊन आत आली.

वाटेत कुणी बसलेलं असावं आणि आपला पाय लागू नये म्हणून जपून जावं, तशी.

ओटा रिकामा होता.

बळीराम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सदरा, पाणी, फाटक, चहा, डबकं, तीन ओळी. शांती चुलीकडे तोंड करून ऐकत होती. त्याचं संपलं तरी ती वळली नाही. एवढंच विचारलं,

"नाव काय तिचं?"

बळीरामने तोंड उघडलं.

नाव आलं नाही.

तिचा चेहरा आठवत होता. आवाज आठवत होता. ते नाव त्याने त्या घरात, हातात चहाचा कप धरून, स्पष्ट उच्चारलं होतं. पण आता ते त्याच्याजवळ नव्हतं. बातमीच्या तीन ओळींत ते नव्हतंच. त्याने माळ्यावरून १९५४ ची वही काढली. पान होतं. वेळही होती. "सायं. ६.२०." पुढे त्याने नाव लिहिलं होतं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पुढची जागा कोरी होती... खोडलेलं काही नाही, पुसलेलं नाही, शाईचा डागसुद्धा नाही.

ते चित्र सोमवारी पनवेलहून पुढच्या गावी गेलं. तिथे बायकांनी काय पाहिलं, याची नोंद नाही.

बळीरामने खरी बातमी लिहायला घेतली. अनेकदा. पण पहिल्याच ओळीत नाव लागायचं, आणि तिथे त्याचा हात थांबायचा. जानेवारी १९५९ मध्ये तो भट्टीवर गेला. भट्टी बंद पडली होती, वाडी उठली होती. ती माणसं कुठे गेली ते कुणाला सांगता येईना. त्यानंतर सुट्टीच्या दर दिवशी तो कातकरवाड्या हिंडत राहिला. बरेचजण त्याला बघून झोपडीत जायचे.

मार्च १९६१ मध्ये आपट्याला, पाताळगंगेच्या काठावर, त्याला शुक्रा नावाचा म्हातारा भेटला. तो त्या भट्टीवर होता. बळीरामने त्याला १९५४ सालचं सगळं सांगितलं, काही न लपवता. पण थेटरात बायकांना काय दिसलं आणि शांती ओट्यावरून कशी आत येते, याबद्दल एक शब्दही बोलला नाही.

"तिचं नाव हवंय, बाबा. एवढंच."

म्हाताऱ्याने मासे वाळत घातले होते. ते उलटे करत तो म्हणाला,

"मला कशाला इचारतोस? ती तुज्याच वट्यावर बसतंय ना रोज. तिलाच इचार."

ही या प्रकरणातली शेवटची नोंद. वहीत तिच्यापुढे तारीख आहे, वेळ आहे: दुपारी १२.४०.

बळीरामने अजून विचारलेलं नाही. शांती अजून भिंतीच्या कडेनेच घरात येते.