चोचीजवळचा अंगठा

पिस्कॅटवे या अमेरिकन गावी आल्यावर उल्हासचे शर्ट इस्त्री करून मी कंटाळले आणि युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये फुकट काम धरलं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची मुभा नव्हती. इथेही भांडीच घासायची होती. माझी भांडी उत्खननात निघालेली, रोमन काळातली होती, एवढाच फरक.

पसरट, जाड, काठाला चोच आणि आतून गारगोटीचे कण रोवलेले. वाटायचं नि मिसळायचं एकाच भांड्यात. पाटा आणि परात एकत्र केल्यासारखं. आधी ही भांडी दुरून यायची, मग प्रांतोप्रांतीचे कुंभार आपापल्या मातीची करू लागले. कणांवरून भांड्याचं गाव ओळखायचं, हे माझं काम. नागपूरच्या भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.चा एवढा तरी उपयोग झाला.

एका अखंड भांड्याचं गाव मात्र लागेना. आतून ते वापरून गुळगुळीत झालेलं. चोचीपाशी कुंभाराने ओल्या मातीत अंगठा दाबला होता, तो खळगाही सपाट झालेला. मी इरेला पेटले. रोज ते पुढ्यात घेऊन आतून बोटं फिरवत बसायची.

२००७ च्या फॉलमध्ये ग्रीनकार्डासाठी बोटांचे ठसे द्यायला बोलावलं. मशीनवर काहीच उमटेना. तिथल्या बाईने माझी बोटं पुसली, पुन्हा दाबली आणि भांडी फार घासता का, असं विचारलं. मी हसले. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हाही तेच झालं.

"होतं गं असं. क्रीम लाव, यार," उल्हास म्हणाला.

त्याला काय जातंय! तिकडे नागपूरला आई अंथरुणाला खिळली होती. डोळे तर आधीच गेलेले. मागच्या भेटीत तिने माझा उजवा अंगठा चाचपून मला ओळखलं होतं. लहानपणी विळीने कापला होता तो, आडवातिडवा. तिनेच हळद दाबून बांधला होता. ती खूण तिच्या बोटांना पाठ होती. पण उल्हासने नोकरी बदलल्यावर आमचा जुना व्हिसा संपला होता. प्रवासाच्या परवानगीशिवाय देश सोडला तर माझा अर्ज बाद, आणि परवानगी ठशांपाशी अडलेली. घराचं दार उघडं असून मी कोंडले होते. रात्री जेवताना मला रडू फुटलं.

लॅबमध्ये ते भांडं हातात घेतलं तर आतून बोटांना टोचलं. पाट्याला नवी टाकी लावून आणल्यावर लागतं तसं. भास असेल म्हणून मी लॅबच्या प्रमुख मार्जरीला दाखवलं. तिने आतून हात फिरवला.

"हे तर वापरलेलंच नाही," ती म्हणाली. "झिजलेल्यांच्या ट्रेमध्ये कुणी ठेवलं?"

मीच ठेवलं होतं.

ती गेल्यावर मी भिंग घेतलं. चोचीपाशी अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसत होता, रेघ न् रेघ. त्यांना छेदून एक आडवातिडवा व्रण गेला होता.

मी माझा अंगठा भिंगाखाली धरला. तो कोरा होता.

लॅबला जाणं मी त्याच दिवशी बंद केलं. उल्हासला काय सांगणार? पाठ दुखते म्हटलं.

तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ठसे एका झटक्यात उमटले. बाई खूश झाली. इतके स्पष्ट ठसे क्वचित येतात म्हणाली.

मी पडद्याकडे पाहिलं. रेघा रुंद होत्या, कष्टाच्या हाताच्या असतात तशा. अंगठ्यावर व्रण नव्हता.

परवानगीचं पत्र आलं. उल्हासने तिकीट काढलं. मी बॅग भरली आणि आईला फोन लावला. तिचा आवाज फार खोल गेला होता.

"ये लवकर," ती म्हणाली. "अंगठा धरला की कळेल मला, तूच आहेस."

मी अंगठा मुठीत दाबून धरला. त्याला ओल्या मातीचा वास येत होता.