समाधीवरचा दगड

लाईट गेलाय, तर बसा इथेच. भारती, तो मोबाईल ठेव खाली. ही काही ऐकीव गोष्ट नाही. हैदराबादला काचीगुड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या मुकुंदरावांनी स्वतः मला सांगितलेली आहे. सरकारी ओव्हरसियर होते ते. हुशार माणूस, पण फुकटाचं काही दिसलं की हात शिवशिवायचे.

साल अठ्ठेचाळीस. निजामाचं राज्य जाऊन अडीच महिने झालेले. तारनाक्यापलीकडच्या टेकडीवर गोसाव्यांची जुनी समाधीभूमी होती. तिच्या पडक्या भिंतीची मोजणी करायला यांना पाठवलं. गोसाव्याला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, गळ्यापर्यंत मीठ भरतात आणि वर दगड ठेवतात.

मुकुंदरावांना त्यातली एक काळी, गुळगुळीत फरशी आवडली. घर नवीन बांधलेलं, उंबरा तेवढा बसवायचा राहिलेला.

"नक्को साब!" समाध्यांना दरवर्षी चुना देणारा राखणदार अंबाजी त्यांच्या पाया पडला. "खाली महाराज बसलेत. त्यांचं छप्पर आहे ते."

"बसू दे की. आता कोण विचारतंय?"

आणि दगड बैलगाडीत घालून नेला. त्या बोलण्याचा मला अजून राग येतो.

मंगळवार, तीस नोव्हेंबर, अमावास्या. संध्याकाळी उंबरा बसला. रात्री दोनला घसा कोरडा पडून मुकुंदराव उठले. तांब्या रिकामा. माठ रिकामा. रांजणही... त्यांच्या बायकोनं, पद्मावतीबाईंनी, तो झोपताना काठोकाठ भरला होता.

दाराशी कोणीतरी घटाघटा पीत होतं.

"कोण आहे?"

कंदील वर धरला. उंबऱ्यावर कोणी बसलेलं. पाठमोरं. मांडी घालून. अंगावरून पांढरं गळत होतं.

"महाराज... दगड सकाळी परत ठेवतो..."

मान वळली नाही.

"मी उठलो. आता तू बस."

पहाटे पद्मावतीबाईंना नवरा उंबऱ्यावर सापडला. मांडी घातलेला. ती मांडी पुढे बावीस वर्षं सुटली नाही. हैदराबादचे सगळे डॉक्टर झाले. गेले तेव्हाही तसंच बसवून न्यावं लागलं. मी खांदा दिलाय, अनंत, हसू नकोस.

दगड मात्र त्याच सकाळी अंबाजीनं टेकडीवर परत नेला. ठेवण्याआधी त्यानं खाली वाकून पाहिलं.

मीठ गळ्यापर्यंत जसंच्या तसं होतं. मधे बसलेल्या माणसाएवढी पोकळी...

आत कोणी नव्हतं.