जरा ही बाटली धर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझी आत्येबहीण थापा मारणाऱ्यातली नाही. हे तिच्याच बाबतीत घडलंय.

ताई प्रयोगशाळेत काम करते. शुक्राणू नीट पोहत का नाहीत, याचा तिथे शोध चालतो. शुक्राणूच्या शेपटीतलं एक प्रोटीन सशाला टोचायचं. मग त्याच्या रक्तात अँटीबॉडी तयार होते, आणि ती ते प्रोटीन बरोबर हुडकून काढते. शेवटी सशाचं सगळं रक्त काढून घेतात. पुढचं सांगायला नको.

त्या सशाला ताई लाडाने गब्दुल म्हणायची. त्याच्या अँटीबॉडीची एकच इवलीशी बाटली उरली होती. ती नासली की ताईची सगळी मेहनत पाण्यात.

रविवारची दुपार. इमारतीत चिटपाखरू नव्हतं.

ती बाटली आणायला ताई थंड खोलीत गेली. ही खोली म्हणजे माणूस आत उभा राहील एवढा फ्रिजच. गारठ्यात फोनला पाणी सुटतं, म्हणून सगळे फोन बाहेर टेबलावर ठेवतात. तिनेही ठेवला.

मागे दार लागलं.

आतलं हँडल दाबलं... नुसतंच खुळखुळलं.

तिने दार बडवलं, घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. ऐकणार कोण? अंगात पातळ सुती ड्रेस. दातावर दात आपटायला लागले. आपण इथेच मरणार, असं वाटून ती रडायला लागली.

तेवढ्यात...

धप्प.

मांडणीखालून आवाज आला. घाबरलेला ससा मागचा पाय असाच आपटतो. ताईने वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं.

घाबरून तिने बाटली उचलून मुठीत धरली. आवाज थांबला. पण उबेने अँटीबॉडी नासते, म्हणून तिने ती लगेच परत ठेवली.

धप्प! धप्प! धप्प!

"गेली खड्ड्यात मेहनत!" म्हणत तिने बाटली छातीशी घट्ट धरली.

आणि... तिच्या पावलांवर काहीतरी येऊन बसलं. मऊ. ऊबदार. श्वास घेणारं.

पहारेकऱ्याने दार उघडलं तेव्हा दिवस मावळत होता.

"मॅडम, एवढा वेळ आत होता? आणि तुम्हाला घाम कसा आलाय?"

तेव्हापासून बाटली हातातून सोडली, की ताई ज्या खोलीत असेल तिचं दार उघडतच नाही. आत गारठा पसरतो. भाऊजींनी भर उन्हाळ्यात दोनदा दार फोडलंय. बाटली कुणाच्या तरी मुठीत असावीच लागते, आणि ज्याने ती शेवटची धरली त्याच्यामागे हे सगळं लागतं.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

काल ताई माझ्याकडे आली. डोळे खोल गेलेले.

"अगं, जरा ही बाटली धर ना. तोंड धुऊन येते."

बहिणीला नाही कशाला म्हणू? मी हात पुढे केला.

तोंड धुऊन आली, चहा प्यायली, कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मग चपला घालून निघाली.

"ताई, ही बाटली..."

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

आज सकाळी तिचा फोन आला. सगळं सांगितलं, हमसून हमसून रडली. "मला माफ कर गं. मला आता सहन होत नव्हतं."

मला तिचा इतका राग आलाय... आणि तिची कीवही येतेय. मी एका हाताने टाइप करतेय. दुसऱ्या मुठीत काहीतरी धडधडतंय, आणि ती धडधड माझी नाही.

उद्या माझी धाकटी बहीण राहायला येतेय. तिला फोन करून 'येऊ नकोस' म्हणायला हवं.

मी अजून फोन केलेला नाही.