आईनं ठेवलेलं प्रस्थान

"पाय टाकला की दळलेल्या पिठात टाकल्यासारखा वाटतो बघ," आप्पा म्हणाले होते. मी पाच वर्षांचा. आप्पांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा आठवत नाही, आवाज आठवतो. कावेरीतल्या एका पांढऱ्या वाळूच्या बेटावर ते मोजणीचं काम करत; आमचं बिऱ्हाड काठच्या गावात होतं. तिथेच ते बुडाले, असं आईनं सांगितलं.

एकसष्ट सालच्या वैशाखात मी जुनी मॉरिस घेतली आणि जयनगरच्या घरात नकाशा पसरला. मी कारखान्यात ड्रॉइंग काढणारा माणूस. मैल, पेट्रोल, रेडिएटरचं पाणी, सगळं लिहून काढलं. रविवारी पहाटे निघायचं, कनकपुऱ्याच्या रस्त्यानं ब्याऐंशी मैल, मग टोपलीसारख्या गोल नावेतून बेट. दिवेलागणीला परत. आईची नजर फार तर पावसाळाभर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला बेटावरची ती वाळू एकदा बघायची होती.

"रविवारी अमावास्या," आई म्हणाली. "आजच प्रस्थान ठेवते."

"आता गाडीलाही प्रस्थान?" माझी बायको अलका हसली.

"गाडी तुमची, वाट माझी."

चांगल्या दिवशी निघता येत नसेल, तर त्या दिवशी जाणाऱ्याच्या कपड्याचं गाठोडं दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. ज्याचा कपडा, त्याचा प्रवास तिथून सुरू झाला असं धरायचं. शुक्रवारी सकाळी आईनं गाठोडं बांधलं, कुणाला हात लावू दिला नाही. मी ते शेजारच्या मल्लाप्पांच्या पुढच्या खोलीत, कोनाड्यात ठेवलं.

संध्याकाळी मल्लाप्पा कुंपणाशी आले. "अण्णा, स्वल्प बघा की. गाठोडं ओलं झालंय. अक्कांनी लोणचं बांधलंय काय?"

कौलं कोरडी होती. कापडाला नदीचा वास येत होता.

शनिवारी सकाळी कोनाड्याखाली मूठभर वाळू. पांढरी. भिंत झरत असेल म्हणून मी खिळ्यानं टोचून पाहिलं. भिंत दगडी होती. वाळू उन्हात पडल्यासारखी ऊन लागली. त्या खोलीत ऊन येत नाही. मल्लाप्पांनी या वेळी थट्टा केली नाही.

दुपारी त्यांनी नुसती हाक मारली.

खोलीभर वाळू. बोटभर थर, वर पाणी ओसरून गेल्याच्या लहरी. खिडक्या बंद होत्या. उजेड खालून येत होता, वाशांपर्यंत. मोजपट्टी काढायला मी खिशात हात घातला, तो तिथेच राहिला. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

मागून आई आली. चाचपडत नाही, सरळ.

"किती पांढरी रे."

तिनं पाय टाकला. बोटभर वाळूत तो घोट्यापर्यंत गेला.

मी टाकला. मला फरशी लागली.

"आई, मागे ये."

"गाठोड्यात माझं लुगडं आहे. तुमचं कुणाचं काही नाही." ती वळली नाही. "तेव्हा तुलाही बेटावर न्यायचं म्हणून आप्पांनी तुझं अंगडं ठेवलं होतं प्रस्थानाला. मला भ्याव वाटलं. मी ते परत आणलं. ते एकटेच गेले."

"आणि बुडाले."

वाळू तिच्या गुडघ्यांना लागली होती.

"बुडाले. तिसऱ्या दिवशी दारात आले, तुला न्यायला. मी कडी काढली नाही."